कानाडोळा

‘नजर’ हा शब्द ‘नर’ असा दिसला तेव्हा मी पहिला संशय घेतला तो मजकुरावर. तीस वर्षं मुद्रितं तपासणाऱ्या बाईने दुसरं काय करावं? जगातली झाडून सगळी चूक समोरच्या कागदावर असते, ही आमच्या धंद्याची श्रद्धा. उजव्या डोळ्यात काहीतरी गेलं होतं, तो चोळत मी एकट्या डाव्या डोळ्याने ओळ पुढे नेत होते. पुढे ‘कमळ’चं ‘कळ’ झालेलं. त्याखाली ‘सरळ’चं ‘सळ’. एका पानात इतकी गळती! लाल पेन उचललं, समासात खूण करणार तेवढ्यात उजवा डोळा उघडला आणि ‘म’ जागेवर. ‘र’ जागेवर. ‘ज’ तर कधी गेलाच नव्हता असा निवांत उभा.

मग लहान मुलासारखा खेळ सुरू झाला. डावा डोळा मिटला, सगळं ठीक. उजवा मिटला, मधलं अक्षर गडप. नीट पाहिलं तर नुसतं गडपही नव्हतं. दोन्हीकडची अक्षरं आत ओढल्यासारखी झुकली होती, कापडाला मधोमध चिमटीत धरावं तशी. खिडकीचा गज मध्येच बारीक झालेला. आरशात पाहिलं तर माझ्या चेहऱ्याला नाक नव्हतं.

त्यातही एक गंमत होती. अक्षराच्या जरा बाजूला पाहिलं की ते दिसायचं. पुसट, पण दिसायचं. म्हणजे ‘म’ वाचायचा तर ‘म’कडे बघायचं नाही, आपलं लक्षच नाही असं दाखवत पलीकडे कुठेतरी बघायचं आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून त्याला पकडायचं. आयुष्यभर ज्या बाईने एका काना-मात्रेकडे कानाडोळा केला नाही, तिला आता वाचायचं तर कानाडोळा करूनच वाचावं लागणार होतं.

नेत्रतज्ज्ञांनी संगणकावर दोन चित्रं शेजारी शेजारी लावली. दृष्टिपटलाचे छेद. उजव्या डोळ्याचा छेद पाहून मला वाळूचे थर आठवले, आणि मधोमध एक गुळगुळीत खळगा, ओल्या वाळूत बोट हलकेच दाबून उचलावं तसा. “हा खळगा असायलाच हवा,” ते म्हणाले. “तुम्ही वाचता ते याच्यावर.” जेमतेम दीड मिलिमीटर रुंदीची जागा. हात लांब करून अंगठा उभा धरला तर त्याच्या नखाएवढ्या टापूतलं काय ते आपल्याला खरं तीक्ष्ण दिसतं. बाकीचं सगळं मेंदू सांभाळून घेतो. डाव्या डोळ्याच्या चित्रात त्या खळग्याचा तळच नव्हता. वाळू दोन्ही बाजूंनी उचकटून वर आलेली, मध्ये आरपार भोक.

“वाचून वाचून झालं का?”

“नाही हो. वाचल्याने डोळा झिजत नाही.”

वय झालं की डोळ्यात भरलेला पारदर्शक गर आकसतो आणि मागच्या पटलापासून सुटत जातो. बहुतेकांचा अलगद सुटतो, कळतही नाही. काहींचा नेमका त्या खळग्याला धरून बसतो आणि सुटताना त्याचा तळ ओढून फाडतो. याला मॅक्युलर होल म्हणतात, पीतबिंदूला पडलेलं छिद्र. यावर काही करता येत नाही असंच फार वर्षं मानत. १९९१ साली नील केली आणि रॉबर्ट वेंडेल या दोन अमेरिकी नेत्रशल्यकांनी ते शस्त्रक्रियेने बुजवून दाखवलं. मला हे ऐकून बरं वाटलं, आणि जरा भीतीही. माझ्या आजीला हे झालं असतं तर ती तशीच बिननाकाची माणसं बघत राहिली असती.

*

घरी आले आणि खिडकीत उभी राहिले. समोर बरीच लांब एक उंच इमारत आहे. तिच्या वरच्या मजल्याच्या सिमेंटच्या पट्टीवर थंडीच्या दिवसांत बहिरी ससाणा येऊन बसतो. मोठ्या आकारावरून ती मादी असावी. ससाण्यांत मादी नरापेक्षा चांगलीच मोठी असते. मी तिला नुसतं ‘बहिरी’ म्हणते. (नावावर जाऊ नका, तिला ऐकायला छान येतं. एका मजकुरात कुणीतरी व्याकरण सुधारायच्या उत्साहात ‘बहिरा ससाणा’ केला होता, तो मी परत बहिरी केला. त्या पानावर माझी लाल शाई वाजवीपेक्षा जास्त खर्च झाली.)

तीन हिवाळे मी तिला दुर्बिणीतून बघत होते. कबूतर खाताना पाहिलंय. पिवळ्याधमक पायाखाली ते दाबून धरायचं, पिसं चोचीने उपटून वाऱ्यावर सोडायची, एक, एक, एक. घाई नाही. पिसं इमारतीच्या कडेने तरंगत खाली यायची आणि तिसऱ्या मजल्यावरच्या कुणाच्या तरी वाळत घातलेल्या चादरीला चिकटायची. तिच्या वरच्या चोचीच्या कडेला दातासारखं एक टोक असतं, त्याने ती मानेचा मणका तोडते. शिकारीची झडप मात्र मी एकदाही पाहिली नाही. ताशी तीनशे किलोमीटरच्या वर वेग जातो तेव्हा तो पाहायला नेमक्या दिशेला नेमक्या क्षणी तोंड करून बसावं लागतं, आणि त्या क्षणी मी दर वेळी वेलांटी बघत असायचे.

तिचा मला एका गोष्टीवरून राग होता. ती माझ्याकडे बघायची नाही. तास-तासभर मी डोळ्याला दुर्बीण लावून तिच्यासमोर उभी, आणि ती मान कलती करून एका बाजूला. कधी डावीकडे, कधी उजवीकडे. सरळ चोच माझ्याकडे करून बघितलंय असं तीन वर्षांत झालं नाही. मी तिच्या लेखी खिडकीची चौकट होते.

*

शस्त्रक्रिया तासाभरात झाली. आतला गर काढून टाकला, छिद्राभोवतीचं केसाहून कितीतरी पातळ आवरण सोललं आणि डोळ्यात वायू भरला. खरी शिक्षा त्यानंतरची. बुडबुडा नेहमी वर चढतो, आणि छिद्र आहे डोळ्याच्या मागच्या भिंतीला. बुडबुड्याने ते दाबून धरायचं तर मागची भिंत वर यायला हवी. म्हणजे माणसाने तोंड जमिनीकडे करून राहायचं. सात दिवस. जेवताना खाली, झोपताना खाली, चालताना स्वतःच्या पायाच्या अंगठ्यांकडे बघत. तासातली दहा मिनिटं तेवढी सूट. शिवाय बुडबुडा विरेपर्यंत विमानात बसायचं नाही, उंच डोंगरावर जायचं नाही. बाहेरच्या हवेचा दाब उतरला की डोळ्यातला वायू फुगतो आणि डोळा जाऊ शकतो. मला उडायला बंदी आहे, असं मी भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते. कुणी हसत नव्हतं.

पलंगाच्या टोकाला मध्ये पोकळी असलेली एक उशी बांधून घेतली आणि तिच्यात तोंड घालून पडले. खाली फरशीचे दोन जोड एकमेकांना छेदत होते. पहिल्या दिवशी मी तो जोड पाठ केला. दुसऱ्या दिवशी एक मुंगी आली. तिसऱ्या दिवशी मुंगी आली नाही आणि मला राग आला.

भाची प्राणिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. परीक्षा तोंडावर होती, ती पुस्तकं घेऊन माझ्याकडेच राहायला आली आणि मोठ्याने वाचायला लागली. एका दगडात दोन पक्षी.

“मावशी, झोप लागली तर सांग हं. मग मनात वाचते.”

“झोप लागल्यावर कसं सांगू?”

पानं उलटत ती ‘पुच्छसमपृष्ठरज्जू प्राणी’पाशी आली. हा शब्द तिने एका दमात, न अडखळता म्हटला. दाद म्हणून मी मान हलवली. हलवायची नव्हती.

“आठवतं का तुला, जेट्टीवर तुझ्या चष्म्यावर कोण थुंकलं होतं?”

आठवत होतं. वर्षापूर्वी एका नावाड्याने पाण्यातला जुना दोर वर ओढला होता. त्याला हाताच्या अंगठ्याएवढ्या, बुळबुळीत, अर्धपारदर्शक पिशव्या लगडलेल्या. प्रत्येक पिशवीला वर दोन तोंडं. दिसायला अगदीच बावळट. कुणीतरी फुगे भरून विसरून गेल्यासारख्या. मी वाकून एकीला बोट लावलं आणि पाण्याची बारीक धार थेट चष्म्यावर. इंग्रजीत म्हणूनच हिला सी स्क्वर्ट म्हणतात. आपल्या पाठ्यपुस्तकांत हर्डमानिया नावाने जिचं चित्र काढून आपण भागांना नावं दिली, तीही याच कुळातली. मी तिला समुद्रपिचकारी म्हणते. शब्दकोशात नसला तरी माझ्या डोक्यात हा शब्द आता पक्का झाला आहे.

एका तोंडाने पाणी आत, दुसऱ्याने बाहेर, मध्ये गाळणी. गाळणीत जे अडकेल ते पोटात. एवढाच तिचा दिनक्रम. अंगावर जो चिवट कंचुक असतो त्यात सेल्युलोज असतं, म्हणजे झाडाच्या लाकडात असतं ते. प्राण्यांत सेल्युलोज स्वतः बनवणारी ही जवळजवळ एकटीच. ती कला तिच्या पूर्वजांनी फार फार पूर्वी कुठल्याशा जिवाणूकडून जनुकासकट उचलली. आणि हृदय? भाचीने हे वाचलं तेव्हा मी तिला थांबवून पुन्हा वाचायला लावलं. पिचकारीचं हृदय काही काळ एका दिशेने रक्त ढकलतं, मग क्षणभर थांबतं आणि उलट्या दिशेने ढकलायला लागतं. पुन्हा थांबतं, पुन्हा सुलट. त्यामुळे अमुक एक नळी न्यायची आणि तमुक आणायची असा कायमचा नेमच नाही. त्या रात्री उशीत तोंड खुपसून मी माझी नाडी मोजत होते आणि एक ठोका चुकल्यासारखा वाटला तेव्हा उगाचच वाटलं, झालं, आता उलटं.

पण खरी गोष्ट तिच्या बालपणाची. अंड्यातून ती पिशवी म्हणून निघतच नाही. निघतो तो बेडकाच्या पिल्लासारखा डिंभ, डोकं आणि शेपूट असलेला, मिलिमीटरभर लांबीचा. सायोना नावाच्या जातीत हा कारभार अख्खा मोजून झाला आहे: सगळ्या देहात मिळून साधारण २६०० पेशी. शेपटीत ४० पेशींची एक ताठ दांडी, पृष्ठरज्जू. आणि मध्यवर्ती मज्जासंस्थेत मज्जापेशी किती? १७७. कुठली पेशी कुठल्या पेशीशी जोडलेली आहे याचा संपूर्ण नकाशा २०१६ साली प्रसिद्ध झाला. डोक्यात दोन काळे ठिपके. एक वजनदार, वर कुठे आणि खाली कुठे ते सांगणारा. दुसरा म्हणजे डोळा. काही थोड्या प्रकाशपेशी, मागे एक काळी रंगपेशी, पुढे भिंगासारख्या तीन. चित्र दिसत नाही त्याला. उजेड कुठल्या बाजूला, आणि आपल्यावर सावली पडली का, एवढंच कळतं.

या डिंभाचं तोंड कामाचं नसतं, तो काही खात नाही. काही तास, फार तर काही दिवस पोहतो, आणि त्या मुदतीत त्याने बूड टेकायला जागा शोधायची. जागा सापडली की डोक्याने चिकटायचं.

“डोक्याने?” मी उशीतून विचारलं.

“डोक्याने. तुझ्यासारखंच.”

चिकटल्यावर काही तासांत शेपूट आत ओढली जाते. पृष्ठरज्जू जाते. तो डोळा मोडीत निघतो, आणि त्या १७७ पेशींच्या संसाराचा बराचसा भागही. आतली सगळी इंद्रियं फिरून नव्या जागी बसतात, दोन तोंडं उघडतात, आणि उरलेलं आयुष्य पाणी गाळत बसायचं.

“इंटरनेटवर ही स्वतःचा मेंदू खाणारा प्राणी म्हणून फेमस आहे,” भाची म्हणाली.

“खरंच खाते?”

“खाते म्हणजे… थांब हं.” पानं फडफडली. खाते असं नाही. जुनं मोडून त्याचा माल नव्या कामाला लावते. दोन तोंडांच्या मध्ये नवा, लहानसा मज्जागुच्छ तयार होतो, त्याच्यावर तिचं प्रौढपण निभतं. सायोनात तो कापून टाकला तर काही आठवड्यांत परत उगवतो. ‘खाते’ या क्रियापदाभोवती मी मनातल्या मनात लाल गोल काढला. खाणारीची बदनामी जगभर पसरली, परत उगवणारीची बातमी कुणी वाचत नाही.

*

चौथ्या दिवशी मी भाचीला म्हटलं, आता जरा बहिरीचं वाच. समुद्राच्या तळाचा कंटाळा आला.

बहिरीच्या डोळ्यात तसला खळगा एक नसतो. प्रत्येक डोळ्यात दोन असतात. एक उथळ, तो साधारण चोचीच्या दिशेला पाहतो. दुसरा खोल, आणि दूरचं बारीक दिसावं ते त्याच्यात. पण हा खोल खळगा समोर बघत नाही. तो बाजूला, नाकासमोरच्या रेषेपासून जवळजवळ पंचेचाळीस अंश वळून बघतो. डोळे कवटीत इतके घट्ट बसलेले की आपल्यासारखे फारसे फिरत नाहीत. मग लांबचं काही निरखायचं तर तिने काय करायचं? मान वळवायची. व्हान्स टकर नावाच्या अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञाने शिकारी पक्षी कशाकडे कशी मान करून बघतात ते मोजलं. आठ मीटरच्या आतलं सरळ बघतात. चाळीस मीटरच्या पलीकडचं बहुतेक वेळ तिरकं.

समोरची इमारत चाळीस मीटरहून नक्कीच लांब आहे.

मी फरशीच्या जोडाकडे बघत पडले होते, आणि कान गरम झाले. तीन हिवाळे. मान कलती करून ती डावीकडे बघत होती तेव्हा तिच्या उजव्या डोळ्याचा सगळ्यात खोल खळगा माझ्यावर रोखलेला असणार. मी कपाळाला तेल थापून, फाटक्या गाउनमध्ये, दुर्बीण लावून उभी. तिला ते सगळं दिसलं असणार. ज्याला मी कानाडोळा समजत होते ते तिचं निरखणं होतं.

पुढचं याहून सुरस आहे. झडप घालताना तिची पंचाईत होते. भक्ष्य दूर, म्हणजे ते खोल खळग्यातून, तिरकं बघायला हवं. पण त्या वेगात मान वाकडी केली तर हवा अडते आणि वेग मार खातो. मान सरळ ठेवली तर नीट दिसत नाही. टकरने २०००मध्ये दाखवलं की बहिरी यातून कसा मार्ग काढते: मान सरळच ठेवते आणि वाट वाकडी करते. गोगलगाईच्या शंखावर असतं तसल्या वळणाने, हळूहळू आवळत जाणाऱ्या फेऱ्यात ती भक्ष्याकडे येते. अशा वळणावर भक्ष्य सतत तिच्या बाजूला, त्याच एका कोनात राहतं. सरळ रेषा सगळ्यात जवळची, हे भूमिती शिकलेल्याला ठीक. बहिरी लांबची वाट धरते, कारण तिचा डोळा तसा बसवलेला आहे. पुढे २०१७मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी बहिऱ्यांच्या अंगावर जीपीएस आणि चिमुकले कॅमेरे बसवून पाहिलं. भक्ष्याकडे जाणारी नजरेची रेषा जितक्या वेगाने वळेल त्या प्रमाणात आपण वळायचं, हा तिचा सुकाणूचा नियम. क्षेपणास्त्रं हाच नियम पाळतात.

डोळ्यांचं आणखी एक. सेकंदाला पन्नास-साठ वेळा लुकलुकणारा दिवा आपल्याला सलग तेवतोय असं वाटतं. बहिरीला १२९ वेळांपर्यंतची लुकलुक सुटी सुटी दिसते, असं २०२०च्या एका अभ्यासात आढळलं. आपला ट्यूबलाइट तिला काय दिसत असेल कोण जाणे. मला त्या दिवसांत तो दिसतच नव्हता. तो वर होता.

मग मी माझ्या वाटेचा विचार करत बसले. म्हणजे पडले. माझा खळगा एकच, पण त्याने माझीही वाट वाकवली होती. पेन हातात नसताना मी वर्तमानपत्र वाचू शकत नाही. दुकानाची पाटी असो की मृत्यूची बातमी, आधी ऱ्हस्व-दीर्घ दिसतं, मग माणूस. भाचीच्या आईने, माझ्या धाकट्या बहिणीने, एकदा अवघड दिवसांत मला चार पानी पत्र लिहिलं होतं. मी उत्तर पाठवलं, त्यात प्रेमही होतं, पण शेवटी ताजा कलम: ‘आठवण’मधला ण बाणाचा. तिने फोन केला. “ताई, तू माझी पत्रं वाचतेस की तपासतेस?” मी हसून विषय बदलला. ती हसली नव्हती हे मला तेव्हाही कळलं होतं.

आता तिची मुलगी वाचत होती आणि मला कागद दिसत नव्हता. कानाला वेलांटी पहिली की दुसरी ते कळत नाही. पुस्तकात चुका असणारच, पाठ्यपुस्तकांत असतात, पण त्या सगळ्या माझ्या डोक्यावरून निघून जात होत्या. कुठे तिला कंटाळा आला, कुठे गोडी वाटली, आवाजात ऐकू यायचं. ‘डिंभ’ म्हणताना ती दर वेळी ‘डिं’वर जरा थांबते, तिच्या आईसारखी.

इथे एक सांगून टाकते. या सात दिवसांनी मला शांत केलं, चिकटून बसण्यातलं सुख कळलं, असं काही झालं नाही. असलं लिहिणाऱ्यांची पुस्तकं मी तपासली आहेत, त्यात शुद्धलेखनाच्या चुकाही फार असतात. ते दिवस भयंकर होते. मान आखडली, नाकाचा शेंडा सोलला, रात्री तीनला फरशीशी भांडण केलं. पिचकारीला कंटाळा येत नसेल, कारण जागा शोधत फिरणारा भागच तिने आधी मोडून टाकलेला असतो. माझा तो भाग शाबूत होता आणि बिछान्यात शेपूट आपटत होता. तिला साधी म्हणावं की शहाणी, मला ठरवता येत नाही. दोन्ही विशेषणं मी खोडली. तिने फक्त हिशेब केला: जायचं कुठे नाही, तर बघणारं इंद्रिय कशाला पोसायचं? बहिरीचाही हिशेबच. तिने सगळा जीव बघण्यावर लावला, आणि तो दर दिवशी वसूल व्हावा लागतो. तिच्या जातीची निम्म्याहून जास्त पिल्लं पहिलं वर्ष पुरं करत नाहीत. उपाशी राहायचं स्वातंत्र्य पिचकारीला नाही. पाणी आहे तोवर काहीतरी तोंडात येतंच.

आणि उजेड पिचकारीचाही पुरता सुटत नाही. डिंभाचा डोळा गेल्यावरही तिच्या कुळातल्या काही जाती अंधारानंतर पहाटेचा उजेड पडला की त्या इशाऱ्यावर अंडी आणि शुक्राणू पाण्यात सोडतात. माझ्या डाव्या डोळ्याला तेव्हा एवढंच येत होतं. पापणीवर पट्टी, तरी भाचीने पडदा सरकवला की आत काहीतरी उजळायचं.

*

सहाव्या दिवशी वर्गीकरणाचा धडा झाला, आणि मी परत माझ्या मूळ स्वभावावर आले, कारण तो सगळा शुद्धिपत्राचाच मामला निघाला. पिचकारी ॲरिस्टॉटललाही माहीत होती. नंतर कित्येक काळ तिला शिंपल्या-गोगलगाईंच्या, मृदुकाय प्राण्यांच्या खणात टाकलेलं होतं, दिसते तशीच. १८६६मध्ये अलेक्झांडर कोवालेव्हस्की या रशियन शास्त्रज्ञाने तिचा डिंभ नीट पाहिला, शेपटीत पृष्ठरज्जू दिसली, आणि ही पिशवी उचलून थेट आपल्या, कणा असणाऱ्यांच्या, शेजारी आणून बसवावी लागली. २००६मध्ये जनुकं ताडून पाहिल्यावर कळलं की कणा नसलेल्या सगळ्या प्राण्यांत आपल्या सर्वांत जवळची हीच मंडळी. म्हणजे ओळख पटली ती लहानपणच्या फोटोवरून. मोठेपणी तिने सगळा पुरावा पुसलेला.

बहिरीचंही तसंच. वाकडी चोच, नख्या, मांसाहार, म्हणून तिला गरुड-घारींच्या ओळीत बसवलं होतं. २००८मध्ये पक्ष्यांच्या जनुकांचा मोठा अभ्यास आला आणि ससाणे तिथून उठले. त्यांचे जवळचे नातलग निघाले पोपट. भाचीने हे वाचलं आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की मला हसायला बंदी आहे का हे विचारायला तिने रुग्णालयात फोन लावला.

नात्याने बघायला गेलं तर पिचकारी मला जितकी जवळ तितकीच बहिरीलाही. दोघींची एकच दूरची चुलती.

*

आठव्या दिवशी मान वर केली. जग डाव्या डोळ्यात पाण्याखाली गेल्यासारखं होतं. मग दिवसागणिक वरून थोडं थोडं दिसायला लागलं, आणि खाली एक काळसर, डुचमळणारी रेघ, भांड्यातल्या पाण्याच्या पातळीसारखी. ती रेघ म्हणजे बुडबुड्याची कड. खरं तर बुडबुडा डोळ्यात वर असतो. आपण चित्र उलटं करून घेतो म्हणून तो खाली दिसतो. रेघ रोज उतरत गेली. मग तिचा एक वाटोळा थेंब झाला आणि मी चालले की तो खाली घरंगळायचा. एके सकाळी बघते तर नाही.

कागद घेतला, उजवा डोळा हाताने झाकला. ‘नजर’. तिन्ही अक्षरं. ‘कमळ’ही आलं, फक्त ‘ळ’चा एक गोल अजून जरा चेपलेला दिसतो. तो तसाच राहील बहुधा, असं सांगितलंय. बहिणीला फोन करून ‘ळ’बद्दल सांगितलं. तिच्या पत्राबद्दल सांगायचं होतं, ते राहिलं. पुढच्या वेळी.

दुपारी दुर्बीण काढली. हिवाळा संपत आला होता, बहिरी गेली असेल अशीच शक्यता जास्त. पण होती. पट्टीवर, एक पाय पोटात घेऊन. वारा तिच्या छातीची पिसं उलटी करत होता. मी डाव्या डोळ्याने बघितलं, मग उजव्याने, मग दोन्हींनी. तिने एकदा डोकं वर-खाली हलवलं, अंतर जोखताना हलवतात तसं. आणि मग सावकाश मान कलती करून भलतीकडेच, टाकीच्या दिशेला बघत बसली.

मी घाईने केस सारखे केले.